रस्सा नको, शेगडी पेटवा

मे महिना आला की आमच्या बेळगाव भागातली घरं माणसांनी भरून जातात. माहेरवाशिणी येतात, पुण्या-मुंबईची नातवंडं येतात, हुबळी-धारवाडचे व्याही दोन दिवस राहून जातात. आणि पाहुणे आले की रविवारची कोंबडी ठरलेलीच. कोंबडी म्हणजे कांदा-खोबरं भाजणं, वाटण, रस्सा, सुकं, भात, भाकरी. दहा-बारा पानं उठेपर्यंत घरातली बाई गॅसपुढून हलत नाही. माझी आई सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची, तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असायचा, पण तिची भूक मेलेली असायची. असं चित्र आजही पुष्कळ घरांत दिसतं.

उन्हाळ्यापुरता तरी हा क्रम मोडता येतो. आमच्याकडे मे महिन्यात रविवारी रात्री गच्चीवर शेगडीवर भाजलेली कोंबडी आणि दोन तऱ्हेच्या कोशिंबिरी, एवढाच बेत असतो. पहिल्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "अगं, रस्सा नाही तर भाकरी कशाशी खायची?" मी म्हटलं, "आई, आज भाकऱ्या थोड्याच करू. पण तुम्ही आणि मी सगळ्यांबरोबर बसू." त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री गच्चीवर पहिली चटई त्यांनीच अंथरली.

चार-पाच माणसांना एक किलो कोंबडी पुरते. कातडी काढलेल्या तंगड्या घ्याव्यात, त्या कोरड्या पडत नाहीत. प्रत्येक तुकड्याला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. वाटीभर घट्ट दही, मोठा चमचा आलं-लसूण, चमचाभर ब्याडगी मिरचीची पूड, हळद, दीड चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र करून तुकड्यांना चोळावं. ब्याडगी रंग देते, जाळत नाही. तिखट हवं असेल त्यांनी आपल्या संकेश्वरी मिरचीची चिमूट घालावी. लिंबू मात्र भाजल्यावरच पिळावं. आंबटात फार वेळ राहिलं की मांस वरून चिवट होतं. मुरवायला तीन-चार तास पुरेत, पण तेही फ्रीजमध्येच. मे महिन्याच्या उकाड्यात कच्चं मांस ओट्यावर ठेवू नये. उरलेलं दही-मसाल्याचं मिश्रण शिजलेल्या तुकड्यांवर लावू नये, टाकून द्यावं. कोंबडीची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये.

शेगडीत लोणारी कोळसा पेटवून ज्वाळा पूर्ण बसू द्याव्यात. निखाऱ्यांवर पांढरी राख आली की जाळी ठेवावी. निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी ठेवले की काम सोपं होतं: आधी तुकडे जास्त आचेवर रंगावर आणायचे, मग कमी आचेच्या बाजूला सरकवून सावकाश शिजवायचे. तंगडीला अर्धा तास लागतो. हाडाजवळ टोचल्यावर पाणी स्वच्छ आलं आणि आत गुलाबीपणा दिसला नाही की झालं. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे, ही सर्वांत खात्रीची खूण. आणि एक गोष्ट विसरू नका: पेटती शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

आता कोशिंबीर. आपण कोथिंबीर म्हणतो, कन्नडमध्ये कोत्तंबरी. आपली कोशिंबीर, त्यांची कोसंबरी. शब्द बहिणी-बहिणींसारखे, पण हात वेगळे. आपण काकडी, दही, दाण्याचं कूट घालतो. आमच्या वैनी धारवाडच्या. त्या मुगाची डाळ तासभर भिजवून निथळतात, तीत बारीक चिरलेली सौतेकाई, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि कोत्तंबरी घालतात. वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी आणि लिंबू. रामनवमीला पानकाबरोबर देतात तीच ही कोसंबरी. दोन्हींना नियम एकच: मीठ अगदी वाढताना घालायचं. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि सगळं पचपचीत होतं. गच्चीवर दोन्ही भांडी शेजारी ठेवतो. मुलं दोन्ही वाढून घेतात आणि दोन्ही नावं घेतात. त्यासाठी वेगळी शिकवणी लागलेली नाही.

मांसाहार न करणारे घरात असतील तर स्वच्छ जाळीवर आधी त्यांच्यासाठी मक्याची कणसं आणि पनीर भाजून घ्यावं. मग कोंबडी चढवावी. कोणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

या बेताचा खरा फायदा चवीपेक्षा कामाच्या वाटणीत आहे. रस्सा एकाच बाईच्या हातचा असतो, शेगडीला मात्र कोणाचाही हात चालतो. आमच्याकडे निखारे ह्यांच्याकडे, तुकडे उलटायचं काम भाच्याकडे, काकडी चोचवायची आजोबांकडे. "वाढ गं" म्हणायला कोणी शिल्लकच राहत नाही. जाळीवरून पहिला घाणा उतरला की वैनी जिन्यातून खाली हाक मारतात, "बर्री, ऊटा माडोणु!" आणि सगळे एकदमच जेवायला बसतात. तेव्हा वळीव कोसळायला लागण्याआधीचा एखादा रविवार गाठा. घरातल्या सगळ्यांत थकलेल्या बाईला चटईवर बसवा आणि पहिला गरम तुकडा तिच्या ताटात वाढा.