एक मिलिसिव्हर्टची रेषा

‘किरणोत्सर्गाची मात्रा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादे उपकरण आणि त्याचा थरथरणारा काटा येतो. परंतु अणुचाचण्यांच्या धुळीखाली सापडलेल्या बहुतेक बेटवासीयांपाशी असे उपकरण कधीच नव्हते. त्यांची मात्रा अनेक वर्षांनी, कागदावर, गृहीतकांच्या आधारे काढली गेली. म्हणूनच ती गृहीतके तपासणे हे भौतिकशास्त्रज्ञाचेही कर्तव्य आहे.

फ्रान्सने 1966 ते 1974 या काळात पॅसिफिक महासागरातील मुरुरोआ आणि फांगाटौफा या प्रवाळद्वीपांवर वातावरणात अणुस्फोट केले. 17 जुलै 1974 च्या ‘सेंटॉर’ चाचणीचा ढग अपेक्षेपेक्षा कमी उंचीवर राहिला आणि सुमारे दोन दिवसांत ताहितीवर पोहोचला. तिथे व आसपासच्या बेटांवर लाखाहून अधिक लोक राहत होते. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने 2006 मध्ये मात्रांचे अंदाज प्रसिद्ध केले. 2013 मध्ये खुल्या झालेल्या लष्करी कागदपत्रांवरून सेबास्टियाँ फिलिप आणि सहकाऱ्यांनी तेच गणित 2021 मध्ये पुन्हा मांडले. प्रमुख चाचण्यांमध्ये काही ठिकाणची मात्रा सरकारी अंदाजाच्या दोन ते दहा पट असू शकते, असे त्यांना आढळले. हा फरक पडण्याचे एक कारण फार साधे आहे: लोक पाणी कुठले पीत होते? नदीचे की टाकीत साठवलेले पावसाचे? धूळ पावसाबरोबर उतरते, त्यामुळे एवढ्या एका गृहीतकाने उत्तर बदलते.

असे पूर्वीही घडले आहे. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनीवर केलेला ‘ब्राव्हो’ स्फोट 15 मेगाटनांचा, म्हणजे अंदाजाच्या सुमारे अडीच पट निघाला. दीडशे किलोमीटरवरील राँगेलॅपच्या रहिवाशांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. त्यांच्या लघवीचे नमुने घेतले गेले तेव्हा सुमारे दोन आठवडे उलटले होते. आयोडीन-131 चे अर्धायुष्य आठ दिवसांचे असल्याने ते सापडले; परंतु आयोडीन-133 चे अर्धायुष्य जेमतेम 21 तासांचे. ते थायरॉइड ग्रंथीला इजा करून केव्हाच नाहीसे झाले होते. अल्पायुषी समस्थानिके आणि मुलांची लहानगी ग्रंथी यांचा नीट हिशेब पुढील फेरमूल्यांकनांत झाला. तोवर, 1963 पासून, त्या मुलांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या होत्या. गणिताआधी शरीरांनी साक्ष दिली.

आता आक्षेपाकडे वळू. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरीच वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. केरळच्या करुणागप्पळ्ळी किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे ती याहून बरीच जास्त आहे. मग पॉलिनेशियातील एक-दोन मिलिसिव्हर्टचा एवढा गाजावाजा का? हा आक्षेप मला मान्य आहे. 1 मिलिसिव्हर्ट ही आजाराची सीमा नव्हे आणि ताहितीतील प्रत्येक कर्करोग अणुस्फोटाचा, असे म्हणणे विज्ञानाला धरून नाही.

परंतु याच तर्काची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फ्रान्सच्या भरपाईच्या कायद्यात वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट ही रेषा आहे. मात्रा तिच्याखाली होती असे दाखवता आले की अर्ज फेटाळता येतो. ज्या अंदाजातील अनिश्चितता खुद्द रेषेहून मोठी आहे, त्याच्या आधारे एका व्यक्तीला ‘तुम्ही रेषेखाली’ असे सांगणे म्हणजे भौतिकशास्त्राच्या तोंडी त्याने न केलेले विधान घालणे होय. माझ्या मते अशा प्रकरणी संशयाचा लाभ अर्जदाराला मिळावा आणि मूळ नोंदी स्वतंत्र संशोधकांना खुल्या असाव्यात. ज्याने स्फोट केला, मोजमाप केले आणि नोंदी कुलपात ठेवल्या, त्यालाच एकमेव परीक्षक मानता येणार नाही.

‘ब्राव्हो’नंतर महिनाभरात पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. पुढे डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या नेतृत्वाखाली अणुस्फोटांच्या परिणामांवरील पुस्तक 1956 मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केले. दूरच्या बेटांवरील धूळ हा आपलाही प्रश्न आहे, असे या देशातील वैज्ञानिकांनी तेव्हा मानले होते.

विद्यार्थिमित्रांना एकच सांगणे. आलेखावरील त्रुटिदर्शक रेषा ही परीक्षकासाठी काढायची औपचारिकता नाही. कधीकधी तिच्या लांबीत एखाद्याचा न्याय मावलेला असतो.