मांजर सूड उगवत नाही



गेल्या अंकातील पत्रात एका वाचकाने, मांजर ट्रे सोडून गादीवर मुततं ते ‘राग काढायला’, असा निष्कर्ष काढला आहे. हा मांजरावर अन्याय आहे.

ट्रे टाळण्यामागची कारणं बहुधा साधी असतात: ट्रे घाण, अपुरा किंवा भलत्या जागी. ठाण्यातल्या एका घरात तो वॉशिंग मशीनला खेटून होता. मशीन घरघरू लागलं की बोका अर्ध्यातून उठून पळे आणि पायपुसणं गाठे. ट्रे गॅलरीच्या कोपऱ्यात गेला आणि पायपुसणं कोरडं राहू लागलं.

पशुवैद्यांचा हिशेब सोपा आहे. जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त. ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट. विष्ठा रोज काढावीच. कारण टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस घेतो. गरोदर बाईने मात्र हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

पत्रात सुचवलेलं फिनेल तर धोक्याचंच. फिनॉलवर्गीय रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. ट्रेला सौम्य साबण नि पाणी पुरे. गादीच्या वासाला एन्झाइमचा क्लीनर.

बोका पुनःपुन्हा ट्रेत बसूनही थेंब पडत नसेल, तर तो हट्ट नव्हे, मूत्रमार्ग तुंबल्याची खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावं.

– एक वाचक, ठाणे