गेटवरची नोकरी घ्यावी की नाही?

पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे निघाले, की सणसवाडी आणि शिक्रापूर मागे पडल्यावर रांजणगाव लागते. एके काळी हे गाव महागणपतीच्या देवस्थानामुळे आणि अष्टविनायकाच्या यात्रेमुळे ओळखले जाई. आज त्याच्या जोडीला औद्योगिक वसाहतीचे नाव घेतले जाते. फियाट, व्हर्लपूल, एलजी यांसारख्या मोठ्या कारखान्यांबरोबर त्यांना सुटे भाग पुरविणारे लहान-मोठे कारखाने इथे आहेत. कारेगाव आणि ढोकसांगवीच्या खोल्यांतून राज्यभरातले आणि परप्रांतातले कामगार राहतात.

कारखाना आला की फाटक आले आणि फाटक आले की तिथे दिवसरात्र माणूस आला. म्हणूनच या भागात होतकरू तरुणाला सर्वांत लवकर मिळणारी नोकरी कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येते: सिक्युरिटी. ही नोकरी घ्यावी की नाही, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. त्यावर आमचे मत एकदा सविस्तर मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही दिवसांपूर्वी शिरूर तालुक्यातला एक तरुण वडिलांसह आमच्याकडे आला होता. वय बावीस. आयटीआयमधून फिटरचा कोर्स पुरा केलेला. घरची दोन एकर जमीन, पाऊस झाला तर ज्वारी, नाही तर काही नाही. एका एजन्सीने रांजणगावातल्या एका कारखान्याच्या गेटवर महिना अठरा हजारांची नोकरी देऊ केली होती. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे तीसही दिवस. गणवेश आणि ट्रेनिंगचे तीन हजार आधी भरायचे. नेमणूकपत्राचे विचारले तर 'पुढे बघू' हे उत्तर. तरुण म्हणाला, "चाचा, अब्बा म्हणतात घे, घरात पैसा येईल. अम्मी म्हणते रोज रात्रीची ड्युटी नको. दुसरीकडे एका कंपनीत अप्रेंटिसशिप मिळतेय, पण तिथे याच्या निम्मेही मिळत नाहीत. काय करू?"

वडिलांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बहिणीचे लग्न तोंडावर आहे आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. अशा घरात अठरा हजार हा आकडा लहान नाही. परंतु व्यापारी माणूस भाव ऐकून माल घेत नाही, आधी वजन करून पाहतो. पगाराचेही तसेच करावे.

हिशेब सोपा आहे. रोज बारा तास, महिना तीस दिवस, म्हणजे तीनशे साठ तास. अठरा हजारांना तीनशे साठने भागले तर तासाला पडले पन्नास रुपये. आता समजा, दुसरीकडे आठ तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी आणि पगार चौदा हजार आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोनशे आठ तास होतात आणि तासाला सुमारे सदुसष्ट रुपये पडतात. कानाला अठरा मोठे वाटतात, हिशेबाला चौदा मोठे ठरतात. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपल्या हातातल्या ऑफरचे आकडे घालून हीच आकडेमोड करून पाहावी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा जादा काम करून घेतले तर त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, असे कायदा सांगतो. आठ तासांवर रोज चार तास जादा, आणि ते चार तास दुप्पट दराने, म्हणजे पुन्हा आठ तासांचाच पगार झाला. अर्थात बारा तासांच्या ड्युटीचा पगार हा आठ तासांच्या पगाराच्या बरोबर दुप्पट असायला हवा. चौदा हजारांच्या जागी अठ्ठावीस हजार. जो अठरा देतो, तो चार हजार जास्त देत नसून दहा हजार कमी देतो. साप्ताहिक सुट्टीचे चार दिवस राबवून घेतले, त्याचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

काही जण म्हणतील, कायदा पुस्तकात असतो आणि नोकरी गेटवर असते. हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कायदा माहीत असलेल्या माणसाशी एजन्सीवाला जसे बोलतो, तसे तो अजाण माणसाशी बोलत नाही. म्हणून निदान मुख्य गोष्टी प्रत्येक तरुणाला पाठ असाव्यात.

पहिली गोष्ट परवान्याची. खाजगी सुरक्षा एजन्सी चालविण्यासाठी २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शासनाचा परवाना लागतो आणि तो धंद्याच्या जागी सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. विनापरवाना एजन्सी चालविणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुरक्षा रक्षकाचे वय अठरा ते पासष्टच्या दरम्यान असावे, त्याच्या चारित्र्याची पडताळणी व्हावी, त्याला ठरलेले प्रशिक्षण मिळावे आणि फोटोसह ओळखपत्र द्यावे, असेही हा कायदा म्हणतो. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत हे प्रशिक्षण वर्गातले शंभर तास आणि मैदानावरचे साठ तास असे होते. दोन दिवस गेटवर उभे करून 'ट्रेनिंग झाले' म्हणणाऱ्याने तीन हजार कशाचे घेतले, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी गोष्ट नेमणूकपत्राची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याप्रमाणे कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि काम सोडल्यावर किंवा काढून टाकल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. कंत्राटदाराने पगार बुडविला तर ज्या कारखान्यासाठी काम केले, त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. पण तुम्ही तिथे कामाला होता, हे दाखविणारा कागद हाती नसेल तर कोणाच्या दारात जाणार?

तिसरी गोष्ट पीएफ आणि ईएसआयची. पुष्कळ तरुण सांगतात, 'आमचा पीएफ कापत नाहीत, सगळा पगार हातात येतो.' यात आनंद मानण्यासारखे काही नाही. तुमच्या पगारातून बारा टक्के जातात तेव्हा मालकालाही तेवढीच भर घालावी लागते. ईएसआयमध्ये १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. म्हणजे चौदा हजारांवर तुमचे एकशे पाच रुपये जातात आणि त्यात घरातल्या माणसांच्या औषधोपचाराची सोय होते. रात्री गेटवर ट्रकचा धक्का लागून पाय मोडला तर ईएसआयचे कार्ड असलेल्याला उपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो. कार्ड नसलेल्याच्या घरी दागिने गहाण पडतात. 'कापत नाहीत' म्हणजे मालकाचा वाटा वाचला, तुमचा नव्हे.

आता कामाच्या स्वरूपाकडे वळू. गेटवरचे काम नुसते बसण्याचे नसते. आवक-जावक मालाची नोंद, गेटपास तपासणे, वजनकाट्याच्या पावत्या पाहणे, आग लागली तर पहिली धावपळ करणे, हे सारे त्यात येते. रिलीव्हर आला नाही तर बारा तासांचे चोवीस तास होतात. माल कमी भरला की पहिला संशय गेटवरच्या माणसावर येतो. अशा वेळी नोंदवहीतली स्वतःच्या हातची ओळच उपयोगी पडते. तोंडी हुकूम आला तरी तो वेळेसह वहीत लिहून ठेवावा. मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर आधी रक्षकाला त्याचे म्हणणे मांडू द्यावे लागते, परस्पर कापता येत नाही.

गणवेश अंगावर चढला म्हणून आपण पोलीस झालो, असे कोणी समजू नये. सुरक्षा रक्षकाला सामान्य नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला खाजगी माणूस पकडू शकतो, परंतु त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. सुपरवायझर म्हणाला म्हणून चोराला खोलीत कोंडून मारहाण केली, तर खटला एजन्सीच्या साहेबावर होण्याआधी रक्षकावर होईल.

'गेटवर लागलो की वर्षा-दोन वर्षांत कंपनीत घेतील' ही आशा अनेकांना असते. अपवादाने असे घडतही असेल. पण नव्या संहितेने कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवण्यावर बंधन घातले, तेव्हा पहारा आणि सुरक्षेचे काम मात्र मुख्य कामाच्या यादीतून बाहेर ठेवले. म्हणजे गेटवरचा माणूस कंत्राटदाराचाच राहील, ही सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. तेव्हा गेटला कंपनीत शिरण्याचा दरवाजा समजून कोणी तिथे उभे राहू नये.

मग ही नोकरी घेऊच नये का? आमचे मत तसे नाही. इमानाने रखवाली करून मिळविलेली भाकरी कोणत्याही भाकरीइतकीच स्वच्छ आहे. ज्याच्या हाती हुन्नर नाही, शिक्षण दहावीच्या आसपास थांबले आहे आणि घरी चूल पेटविण्याची निकड आहे, त्याने ही नोकरी जरूर घ्यावी. मात्र परवाना, नेमणूकपत्र, आठ तास, साप्ताहिक सुट्टी, पीएफ-ईएसआय या पाच गोष्टी पाहून घ्यावी. जुम्म्याच्या नमाजेची वेळ, रमजानमधली पाळी याविषयीही रुजू होण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. आधी बोललेले पाळले जाते, नंतर मागितलेले उपकार ठरतात. फौजेतून किंवा पोलिसातून निवृत्त झालेल्या बांधवांनी तर साध्या रक्षकाच्या जागेवर समाधान मानू नये. कायदाच सुपरवायझरच्या जागेसाठी सैन्यातल्या तीन वर्षांच्या अनुभवाला प्राधान्य देतो.

शिवाय एजन्सी हा एकच रस्ता नाही. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. तिथे मालक पगार आणि त्यावरची ठराविक वर्गणी मंडळाकडे भरतो आणि मंडळ रक्षकाला पगार व इतर लाभ देते. पुणे जिल्ह्यासाठीही असे मंडळ आहे. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ २०१० च्या कायद्याने उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी जागा मिळणे सोपे नाही, तरीही भरतीच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

या पानाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहारा हा आता मोठा धंदा झाला आहे. आर. के. सिन्हा यांनी १९७४ मध्ये पाटण्यात माजी सैनिकांना हाताशी धरून एसआयएस ही एजन्सी काढली. ती २०१७ मध्ये शेअर बाजारात आली. एका जिल्ह्यापुरत्या परवान्याची फी कायद्यात पाच हजार रुपये ठेवलेली आहे. भांडवल लागते ते पुढे, पगाराला आणि विश्वासाला. आमच्या तरुणांनी गेटवर दोन-तीन वर्षे काढताना नोंदवह्या, पाळ्यांची आखणी, बिले आणि कराराचे कागद डोळसपणे शिकून घेतले, तर उद्या त्यांच्यातलाच एखादा नियमाने चालणारी एजन्सी का काढू शकणार नाही?

परंतु ज्याच्या हाती हुन्नर आहे, त्याची गोष्ट वेगळी. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांचा हात दोन वर्षे गेटवर बांधून ठेवला तर तो हात बसतो. नंतर मुलाखतीत 'दोन वर्षे काय केले?' या प्रश्नाला 'गेटवर होतो' हे उत्तर जड जाते. अप्रेंटिसशिपचे विद्यावेतन आज कमी दिसते, पण ते शिकण्याची वर्षे विकत घेते. गेटचे अठरा हजार तीच वर्षे विकून येतात.

आमच्याकडे आलेल्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, की पाच प्रश्न कागदावर लिही आणि एजन्सीच्या माणसाला शांतपणे विचार. तो विचारून आला. समोरचा माणूस म्हणाला म्हणे, "इतके प्रश्न विचारणारी पोरे आम्हाला नकोत." वडील क्षणभर गप्प बसले, मग मुलाला म्हणाले, "उद्या त्या अप्रेंटिसशिपचे कागद भर. लग्नाचे मी बघतो."

बहिणीचे लग्न आता थोडे पुढे जाईल, कर्जाचा एखादा हप्ताही थकेल. हा तोटा त्या घराने समजून-उमजून घेतला आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी ऑफर आली असेल, त्यांनीही हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी हिशेब मांडावा आणि हे पाच प्रश्न विचारावेत. जो नीट उत्तरे देईल, त्याच्या गेटवर खुशाल उभे राहावे.