अंगठा आपला, गुडघे त्यांचे

आमच्या घराण्यात विमानाची तिकिटं काढायचं खातं माझ्याकडे आहे. मावशी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाली, काका-काकू नातवाच्या मुंजीला टोरांटोला निघाले, की पहिला फोन मला. तिकडून मुलगा किंवा मुलगी बोलत असते. माझ्याच वयाची, चांगल्या नोकरीतली, आईबापांवर खरोखर जीव असलेली. आणि पाच मिनिटांत ते वाक्य येतंच : "अगं, सगळ्यात स्वस्त काय पडतंय ते बघ. त्यांना चालतं."

माझं भांडण या 'त्यांना चालतं'शी आहे.

चालतं म्हणजे काय? ज्या पिढीने एसटीत उभ्याने पुणे-कोल्हापूर केलं, लग्नघरी सतरंजीवर ओळीने झोपून रात्री काढल्या, तिला तुम्ही विचारताय की सीट कुठली हवी. ती 'कुठलीही' असंच म्हणणार. आणि आपण विचारतो तरी कसं? "आई, थोडी मोठी सीट घेऊ का? पण बरेच पैसे जास्त पडतील हं." आकडा आधी, सीट नंतर. या प्रश्नाचं उत्तर 'नको'च यावं अशीच त्याची रचना आहे. मग ते 'नको' आपण खिशात घालतो आणि निवांत मनाने पैसे भरतो. याला विचारणं म्हणत नाहीत. ही सोय आहे, आणि ती आपली आहे.

आता ती 'कुठलीही' सीट नेमकी काय असते ते बघू. लांब पल्ल्याच्या विमानात इकॉनॉमीची एक रांग आणि तिच्या मागची रांग यांतलं अंतर बहुतेक ठिकाणी ३१-३२ इंच असतं. त्यात पुढच्या सीटची पाठ आली, तुमची मांडी आली, गुडघा आला. सीटची रुंदी १७ ते १८ इंच. बोइंग ७७७ हे विमान १९९५ साली सेवेत आलं, तेव्हा बहुतेक कंपन्या एका रांगेत ९ सीट लावत. आज त्याच विमानात, तेवढ्याच रुंदीत, बहुतेक जण १० लावतात. विमान रुंद झालेलं नाही आणि माणसं बारीक झालेली नाहीत. दहावी सीट उरलेल्या नऊ जणांच्या खांद्यांमधून काढलेली आहे.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास हवेत असतं. केबिनमधली हवा ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह आणि गुडघेदुखी असलेल्या बाईला आपण कळसूबाईच्याही वर नेऊन, १७ इंचांच्या खुर्चीत, दोन अनोळखी माणसांच्या मधे, सोळा तास बसवतो. आणि उतरल्यावर विचारतो, "प्रवास कसा झाला?" ती म्हणते, "छान झाला." घोटे सुजून चपलेत पाय जात नसतो.

मधल्या सीटवर काय होतं हे मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय, आणि सगळ्यांची गोष्ट एकच आहे. शेजारचा माणूस झोपलेला असतो. त्याला उठवायचं कसं? भाषा येत नाही, संकोच वाटतो. मग त्या पाणीच पीत नाहीत. रक्तदाबाची गोळी लघवी जास्त करवणारी असेल, तर ती 'आजच्या दिवस' टाळतात. जेवण अर्धवट ठेवतात. सोळा तासांत दोनदा उठतात, तेही शेजारचा उठला म्हणून. आपण वाचवलेले पैसे कुठून आले, याचा हिशेब हा असा आहे.

हे फक्त अवघडलेपणाचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले : चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाला तो तरीही कमीच असतो, सुमारे ६,००० जणांत एक. पण वाढलेलं वय, कॅन्सर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, आधी कधी झालेली गुठळी, यांनी तो चढत जातो. आपले प्रवासी या यादीतले असतात, आपण नसतो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की इकॉनॉमी क्लासमुळेच गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. दोष आहे तो न हलण्याचा. खिडकीच्या सीटवर माणूस कमी हलतो. म्हणून धोका जास्त असलेल्यांनी मधून मधून चालावं, पोटऱ्यांचे व्यायाम करावेत आणि आइल सीट, म्हणजे वाटेकडची सीट घ्यावी, असं त्या सूचना म्हणतात.

म्हणजे "बिझनेस क्लास परवडत नाही, मग काय करणार" ही आपली सबब इथेच संपते. बिझनेस क्लास मागितला कोणी? आधी वाटेकडची सीट द्या.

आपल्याला हे कळत नाही असंही नाही. रेल्वेत आपल्याला सगळं कळतं. साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना लोअर बर्थ मिळावा म्हणून रेल्वेत वेगळा कोटा आहे. तो नाही मिळाला, तर डब्यात शिरल्याबरोबर आपण अनोळखी माणसाला विचारतो, "काका, आजींना खालचा बर्थ द्याल का?" आणि तो देतो. एसटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव असं खिडकीवर रंगवलेलं असतं. वाटेकडची सीट हा विमानातला लोअर बर्थ आहे. फरक इतकाच, की विमान कंपनीने तो कोट्यातून काढून दुकानात मांडला. आणि आपण, जे रेल्वेत आजींसाठी भांडतो, तिथे 'स्किप सीट सिलेक्शन'वर अंगठा ठेवून पुढे जातो.

कंपन्यांना मी सोडत नाहीये. सगळ्यात खालच्या भाड्यात सीट निवडायला पैसे, म्हणून चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं सत्ताविसाव्या आणि एकेचाळिसाव्या रांगेत विखुरतं. बारा वर्षांखालच्या मुलांना निदान एका पालकाशेजारी बसवा, असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. चांगलं केलं. त्या आदेशात सत्तरीच्या जोडप्याचा उल्लेख नाही. तिकडे अमेरिकी संसदेने २०१८ च्या कायद्यात विमानाच्या सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं. मग त्यांच्या विमान वाहतूक खात्याने चाचण्या घेतल्या, की अरुंद सीटमधून माणसं वेळेत बाहेर पडतात का. त्या चाचण्यांत घेतलेले सगळे धडधाकट आणि साठीच्या आतले होते. ज्यांना बाहेर पडायला खरोखर वेळ लागतो, ते मोजमापातच नव्हते. म्हातारी माणसं कोणाच्याच हिशेबात नाहीत. म्हणून ती निदान आपल्या हिशेबात हवीत.

मग पैसे कुठे घालायचे? माझा क्रम असा आहे. पहिले पैसे सीट निवडायला. 'लाइट' भाडं आणि त्याच्या वरचं भाडं यांतला फरक आधी बघा, कारण वरच्या भाड्यात कधी कधी सीट धरलेली असते. जोडपं असेल, तर वाटेच्या अल्याड-पल्याड एकाच रांगेतल्या दोन सीट घ्या. दोघंही मोकळे आणि हात लांबवला तर एकमेकांना लागतो. विमान एअरबस ए३३० असेल, तर खिडकीकडे बहुधा दोनच सीटची जोडी असते, तिसरं कोणी नसतं. स्वच्छतागृह चार-पाच रांगांवर असावं. अगदी लगतची रांग नको, तिथे रात्रभर दार वाजतं आणि रांग अंगावर उभी राहते. शेवटच्या रांगेतली सीट पुष्कळदा मागे झुकत नाही.

'एक्स्ट्रा लेगरूम' दिसलं की हरखून जाऊ नका. आपत्कालीन दाराजवळची सीट वृद्धांना देत नाहीत, कारण तिथे बसणाऱ्याला दार उघडायला मदत करावी लागते. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत तान्ह्या बाळांचे पाळणे लावतात, सीटमधले हात उचलता येत नाहीत, आणि औषधांची पिशवी उड्डाणाच्या वेळी वर ठेवावी लागते.

यानंतरही पैसे असतील, तर प्रीमियम इकॉनॉमी. रांगांमध्ये साधारण ३८ इंच, सीट जरा रुंद, शेजारी कमी माणसं. भाडं बऱ्याचदा दीडपट ते दुप्पट. हे सगळ्या प्रवासाला घ्यायची गरज नाही. दुबईमार्गे जाणार असाल, तर मुंबई-दुबई तीन तासांचं साध्या सीटवर होऊ द्या आणि दुबई-न्यूयॉर्कच्या चौदा तासांसाठी पैसे घाला. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. पायमोजे आणि औषधं यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सॲपला नाही.

"ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी करावं," असं कोणी म्हणेल. मान्य. ज्यांनी सगळं साठवून एकदाच आईबापांना जग दाखवलं, त्यांच्याशी माझं भांडण नाहीच. माझं भांडण त्यांच्याशी आहे, जे स्वतःच्या फोनवर हवे तेवढे पैसे घालतात आणि आईच्या सीटशी आल्यावर काटकसरी होतात.

आणि ती तिकडे कशाला चाललीय, तेही एकदा स्पष्ट बोलू. बऱ्याच आया अमेरिका बघायला जात नाहीत. त्या कामाला जातात. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मेथी. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाची अंघोळ, मग बाळंतिणीचं खाणं, मग भांडी, मग रात्रीची जागरणं. पाच-सहा महिने, बिनपगारी. याच कामाला तिकडे माणूस ठेवलं असतं, तर पहिल्या महिन्यातच प्रीमियम इकॉनॉमीचे पैसे संपले असते. तिला पाहुणी म्हणायचं, कामवालीसारखं राबवायचं आणि बोचक्यासारखं पाठवायचं, या तिन्ही गोष्टी एका वेळी चालणार नाहीत.

'चांगला सौदा' हा शब्द आपण बिघडवून ठेवलाय. स्क्रीनवरचा सगळ्यात लहान आकडा म्हणजे सौदा नव्हे. त्या आकड्यात कोणाच्या गुडघ्यांनी, कोणाच्या मूत्राशयाने आणि कोणाच्या संकोचाने किती भर घातली, ते मिळवून मग बेरीज करा. बोर्डिंग पासवर नाव त्यांचं असतं, पण सीटचा नकाशा तुमच्या हातातल्या फोनवर उघडलेला असतो. ते आपण होऊन मागणार नाहीत, त्यांना मागता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी विचारू नका. वाटेकडची सीट घ्या, पैसे भरा, आणि किती पडले असं त्यांनी विचारलं तर सांगा, "ऑफर होती."