दगडाची साक्ष आणि रक्ताची साक्ष

शिवालिक टेकड्यांत १९३२ सालीं एका प्राचीन वानराच्या जबड्याचा तुकडा सांपडला. १ कोटी वर्षांहून जुना समजला गेलेला हा ‘रामपिथेकस’ १९६० नंतर कित्येक पंडितांनीं मानवाचा पूर्वज मानिला. परंतु वंशाची नोंद रक्तांतहि असते. १९६७ सालीं सॅरिच व विल्सन यांनीं रक्तांतील प्रथिनें ताडून मानव व आफ्रिकेंतील वानर यांची फारकत अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वींची ठरविली. पुढें १९८२ सालीं पोटवार पठारावरील नवा जीवाश्म प्रसिद्ध झाला. ती शाखा ओरांगउटानाच्या जवळची निघाली. रामपिथेकसाचे पुरस्कर्ते पिलबीम यांनींच आपलें मत बदललें. यांत विद्वत्तेस उणेपणा येत नाहीं, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थ्यांनीं दोन साक्षी जुळल्यावांचून निकाल देऊं नये. आणि मुलानें ‘माझें चुकलें’ म्हटल्यास पालकांनीं त्यास शाबासकी द्यावी.