भांडुपची रम आणि घरची जांभळे

भांडुप म्हटले की कारखान्यांचे भोंगे, डोंगरावर चढत गेलेली वस्ती आणि सकाळच्या लोकलची गर्दी एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते. या उपनगराच्या पूर्वचरित्रात डोकावण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. इतिहासाची आवड असलेले फार तर एवढे सांगतील की, मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली. परंतु त्याच्याही आधी भांडुपचा लौकिक होता तो रमसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील जमीनजुमला ल्यूक अ‍ॅशबर्नर या इंग्रज गृहस्थाकडे होता. हे गृहस्थ मुंबईचे आल्डरमन आणि ‘बॉम्बे कूरियर’ या पत्राचे संपादक. त्यांचे कारभारी कावसजी माणेकजी यांच्या देखरेखीखाली भांडुपच्या भट्टीतून सरकारला दरसाल एक लाख गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लाख लिटर रम पुरवली जात असे. पुढे १८१७ मध्ये कावसजींनी ती मालमत्ताच विकत घेतली. सरकार गिऱ्हाईक असले की धंद्यास बरकत येते, हा अनुभव आजचा नाही.

ही जुनी हकीकत आठवण्यास निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. हा गेली काही वर्षे इंग्लंडात नोकरीस आहे. तेथील लांबलचक संध्याकाळी काय करावे या विवंचनेत असताना शेजारच्या वृद्ध गृहस्थाने त्याला घरी फळांची वाइन करण्याचा नाद लावला. सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी फुकट लगडलेल्या असतात. त्या तोडून आणायच्या, साखर-पाण्यात आंबवायच्या आणि पुढल्या वर्षीपर्यंत वाट पाहायची. पहिल्या खेपेस त्याचा शिरका झाला, दुसऱ्या खेपेस बाटली फुटून भिंत रंगली, तिसऱ्या खेपेस मात्र चार माणसांपुढे ठेवण्याजोगे काही तरी हाती आले. गेल्या जूनमध्ये तो भांडुपला आला, तेव्हा आमच्या गल्लीतील जांभळाचा सडा पाहून त्याचा जीव हळहळला. “मामा, ही फळं तुम्ही पायदळी तुडवता? पाच किलो द्या मला, जाण्याआधी आंबवून ठेवतो. पुढल्या वर्षी येईन तेव्हा चाखू.” मी त्याला एवढेच म्हणालो, “बाबा रे, तुझ्या इंग्लंडात हा छंद असेल, इथे तो गुन्हा आहे.”

त्याचा विश्वास बसला नाही. वाचकांपैकीही पुष्कळांचा बसणार नाही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कलम १२ ने दारू तयार करणे, बाळगणे, विकणे व विकत घेणे हे सारे निषिद्ध ठरविले आणि मग परवान्यांच्या वाटेने त्यास अपवाद केले. ‘दारू’ या शब्दाची या कायद्यातील व्याख्या वाइन, बिअर व ताडी यांच्यासह मद्यार्क असलेल्या प्रत्येक द्रवाला कवेत घेते. कालांतराने अपवादांची वाट इतकी रुंद झाली की आज मुंबईच्या कोणत्याही रस्त्यावर बाटली विकत मिळते. पिणाऱ्याजवळ परवाना असावा, हा नियम दुकानदारही विसरला आहे. अपवाद मिळाला नाही तो एकाच इसमाला : जो विकत नाही, विकत घेत नाही, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःपुरते करू पाहतो.

हा निर्बंध गांधीवादातून आला, असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. घरगुती निर्मितीवरील बंदी ही दारूबंदीहून फार जुनी आहे आणि तिचा उगम नीतीत नसून महसुलात आहे. इंग्रज सरकारने १८७८ चा मुंबई आबकारी कायदा केला तो लोकांनी पिऊ नये म्हणून नव्हे. लोकांनी सरकारला कर दिल्यावाचून पिऊ नये म्हणून. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून गाळप ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटण्यात आले, ताडामाडांवर कर बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या माड छेदणाऱ्या भंडारी समाजाच्या पोटावर पाय आला. पुढे १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला. जंगलात गळून पडलेली मोहाची फुले गोळा करणे व घरात ठेवणे यांवरही नियंत्रण आले. भांडुप त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होते. ज्या भूमीतून सरकारने एके काळी लाख गॅलन रम उचलली, त्याच भूमीवरील आदिवासीने ओंजळभर फुले वेचणे संशयास्पद ठरले. स्वराज्य आले, राज्यकर्त्यांचा हेतू पालटला, तो उदात्तही होता. परंतु घरोघर डोकावणारी जुनी यंत्रणा आपण जशीच्या तशी उचलली. आता दारूबंदी नावापुरती उरली आहे आणि मद्यावरील शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार झाला आहे. म्हणजे फिरून आपण १८७८ वरच येऊन पोहोचलो.

आंबविणे ही क्रिया आपल्या घरास परकी असती तर गोष्ट वेगळी. विरजण लावणारी, इडलीचे पीठ रात्रभर उबेला ठेवणारी गृहिणी तेच शास्त्र वापरते. वैद्यांची आसवे व अरिष्टे तर याच जातीची. शार्ङ्गधरसंहितेत त्यांची कृती सांगितली आहे : द्रव्यांचा काढा, त्यात गूळ वा मध, किण्वासाठी धायटीची फुले, आणि तोंड लिंपलेले भांडे महिनाभर धान्याच्या राशीत. ज्या द्राक्षासवाचे दोन चमचे आपण जेवणानंतर निःशंकपणे घेतो, त्यात पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो. औषधांचा हा प्रश्न १९५१ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. बलसारा यांच्या सुप्रसिद्ध खटल्यात न्यायालयाने दारूबंदीचा कायदा बहुतांशी उचलून धरला. मात्र औषधी व प्रसाधनाच्या द्रवांवरील निर्बंध अवाजवी ठरविले. म्हणजे ज्यात ज्यात मद्यार्क ते ते सारे एकाच मापाने मोजता येत नाही, हे तत्त्व या कायद्याच्या बालपणीच मान्य झालेले आहे.

साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचेही उदाहरण घ्यावे. मराठीच बोलणाऱ्या या भूमिपुत्रांच्या घरी नाताळासाठी काळ्या मनुकांची, द्राक्षांची किंवा जांभळांची वाइन घालण्याची चाल जुनी आहे. आजीने कोपऱ्यात झाकून ठेवलेली बरणी कायद्याच्या दृष्टीने मुद्देमाल आहे. कोणी तिच्यावर धाड घालीत नाही, हे आपले भाग्य. पण कोणाकडे काणाडोळा करावा आणि कोणाचे मडके फोडावे, हे ज्या कायद्यात शिपायाच्या मर्जीवर सुटते तो कायदा चांगला नव्हे. केरळमध्ये २०१९ च्या नाताळाआधी आबकारी खात्याने घरी वाइन करणे हा गुन्हा असल्याची जाहीर समज दिली, तेव्हा तेथील ख्रिस्ती घरांत किती खळबळ माजली हे वृत्तपत्रांतून आलेच आहे.

या विषयावर बोलू लागताच सुशिक्षित माणूसही दचकतो तो एका शब्दाने : हातभट्टी. ते भय खोटे नाही. भांडुपपासून दोन स्थानके अलीकडे विक्रोळीला २००४ च्या डिसेंबरात विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक गेली. परंतु ती कशाने गेली? मालवणीच्या दारूत कारखान्यात वापरावयाचे मिथेनॉल मिसळलेले होते. मिथेनॉल शरीरात गेले की त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते. ते आधी दृष्टी हिरावून घेते, मग प्राण. फळांचा रस नुसता आंबविल्याने असे काही होत नाही. फळातील पेक्टिनमुळे मिथेनॉलचा अंश त्यात येतो खरा, पण तो इतका अल्प की त्याने इजा होत नाही. आंबविणे वेगळे आणि आंबविलेले उकळून त्याची वाफ धरणे, म्हणजे गाळणे, वेगळे. पहिल्यात यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करतो आणि मद्यार्क साधारण बारा-चौदा टक्क्यांवर गेला की बहुधा स्वतःच त्यात थंडावतो. दुसऱ्यात भट्टी, विस्तव व धोका आला. पाश्चरने ही किण्वनाची क्रिया उलगडून दाखविल्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. आमच्या कायद्याला हा भेद अद्याप ठाऊक नाही.

इंग्लंड-अमेरिकेने हा भेद पाळला. महायुद्धानंतरची साखरेची नियंत्रणे इंग्लंडात १९५३ मध्ये उठली आणि घरगुती वाइनचा नाद तेथे झपाट्याने पसरला. सी. जे. जे. बेरी यांचे नवशिक्यांसाठी लिहिलेले पुस्तक १९६० मध्ये निघाले, ते घरोघर गेले. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवानाही रद्द केला. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या कुटुंबास वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत करमुक्त मुभा आहे. दोन्ही देशांत विक्री मात्र निषिद्ध, आणि परवान्यावाचून गाळणे हा गुन्हाच. भाचा जे शिकला ते या मोकळिकीत शिकला. भांडी गरम पाण्याने निर्जंतुक करावीत. फडक्यातून गाळलेल्या रसाला हवा लागू देऊ नये, नाही तर शिरका होतो. बुचातून पाणी भरलेली वाकडी नळी काढावी, म्हणजे वायू बाहेर जातो पण हवा आत येत नाही. आणि बुडबुडे पूर्ण थांबल्यावाचून बाटली बंद करू नये. दुधातले पाणी पाहण्याच्या लॅक्टोमीटरसारखी एक नळी असते, तिने साखर किती उरली हे कळते. आमच्या उकाड्यात यीस्ट फार घाई करते आणि चव बिघडते, ही अडचण त्याने स्वतःच सांगितली. आठवीच्या वर्गात ‘किण्वन’ हा शब्द पाठ करून घेताना मला जे कधी साधले नाही, ते त्याच्या फुटलेल्या बाटलीने साधलेले पाहून मला किंचित असूयाही वाटली.

आक्षेप कोणते येतील हे मी जाणून आहे, आणि त्यांतील एक तरी मला क्षुल्लक वाटत नाही. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. घरी येण्याआधी पाकीट गुत्त्यात जाऊ नये म्हणून त्या उभ्या असत. त्यांच्या मुलांची फी किती महिने थकते हे वर्गशिक्षकाला ठाऊक असते. आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडणाऱ्या बायका, गडचिरोलीत १९९३ पासून टिकलेली दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली आणि २०२१ मध्ये उठविलेली दारूबंदी, यांच्यामागचे दुःख खरे आहे. त्या स्त्रियांपुढे उभे राहून ‘छंद’ हा शब्द उच्चारण्यास जीभ अडखळते. तरीही विचारावेसे वाटते : त्यांचा संसार बुडविला तो कोणी? बरणीत सहा महिने मुरणाऱ्या जांभळाने, की कोपऱ्यावरच्या परवानाधारक दुकानाने? ज्याला आज संध्याकाळी हवी आहे तो पुढल्या जूनची वाट पाहणार नाही. आणि राज्यकर्त्यांना वाइनचे वावडे असते तर २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचे सवलतींचे धोरण आले नसते, २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून ती विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतलाही नसता. त्यावर गदारोळ झाला आणि हरकती मागविण्याची पाळी आली, ही गोष्ट निराळी. कारखान्याची वाइन हा शेतकऱ्याचा उद्धार आणि घरची वाइन हा गुन्हा, हे तर्कशास्त्र मला उलगडत नाही.

सवलतीचा गैरवापर होणारच नाही, असेही नव्हे. चाळीत कोणी तरी चार बाटल्या शेजारी विकील. म्हणूनच मुभा असावी ती मोजकी : प्रौढ माणसास वर्षाकाठी वीस-पंचवीस लिटर, केवळ आंबविलेली, गाळलेली नव्हे, विकल्यास आजचीच शिक्षा. परवान्याची अट मात्र नसावी. परवाना आला की तपासनीस आला, आणि तपासनीस आला की पुढे काय येते हे सांगणे नको. कृषी विद्यापीठांनी जांभूळ, करवंद, काजूचे बोंड यांच्या कृती सोप्या मराठीत छापाव्यात. कोकणात बोंडांचे ढीग दरवर्षी कुजून जातात, त्यांचेही काही होईल.

भाच्याने अखेर कायदा पाळला. आणलेली पाच किलो जांभळे त्याने आईच्या स्वाधीन केली आणि माझ्या बहिणीने त्यांचे सरबत केले. मला मधुमेह असल्याने साखर तिने हात आखडूनच घातली, बाटल्या भरल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. भाचा परत गेल्यानंतर दहाव्या दिवशी भर दुपारी एका बाटलीचे बूच छताला जाऊन लागले. बहीण घाबरून मला बोलवायला आली. मी वास घेतला, बोटाने चाखून पाहिले. मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव, असे व्याख्येत म्हटले आहे. उरलेल्या सहा बाटल्या आम्ही दोघा पेन्शनरांनी मोरीत ओतल्या.