आजोबा गेले, बंदूक माळ्यावरच

सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका, त्यात ठासणीच्याही, अजून बऱ्याच घरांत आहेत. परवानाधारक वारला की वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे धावपळ होते. बंदूक मात्र माळ्यावर तशीच पडून. पुढे निवडणूक लागते, शस्त्र जमा करायचा निरोप येतो, तेव्हा घरच्यांना तिची आठवण होते.

बंदूक सातबाऱ्यासारखी आपोआप वारसाकडे येत नाही. परवाना माणसाच्या नावाचा, त्याच्याबरोबर संपला. त्यानंतर ती घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २ ते ५ वर्षे कैद आहे. वानरं हाकायला घेतलेल्या बंदुकीपायी नातवाने कोर्टाच्या फेऱ्या का माराव्यात?

शस्त्र कायद्याचं कलम २१ सरळ आहे: विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावती मागून घ्या. जमा केली म्हणजे कायमची गेली, ही भीती खोटी. २०१६ च्या नियमांनुसार वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. बाकी वारसांची ना हरकत लागते आणि भाऊबंदकीत घोडं तिथेच अडतं. म्हणून ज्यांच्या घरी परवानाधारक हयात आहे आणि सत्तरीला पोचलाय, त्यांनी आत्ताच अर्ज करावा. नियमात तशी सोय आहे.